मौना केआ आणि तीस मीटरची दुर्बीण: वाद नेमका कशाचा?

मघा_पूर्वा (मूळ धागा)

थर्टी मीटर टेलिस्कोप, म्हणजे टीएमटी, ही अमेरिकेच्या हवाई बेटावरच्या मौना केआ या पर्वतावर बांधायची ठरलेली दुर्बीण, आणि तो पर्वत मूळ हवाईयन लोकांना पवित्र असल्याने त्यांच्यातल्या अनेकांचा तिला विरोध आहे. हा विषय खगोलशास्त्राच्या धाग्यांवर मधूनमधून निघतो आणि दर वेळी चर्चा 'विज्ञान की श्रद्धा' इथेच घुटमळते. माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जातो. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आपला संबंध दुरान्वयाचा नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पातल्या भारताच्या सहभागाला १,२९९.८ कोटी रुपयांची मंजुरी दिली. आपला वाटा १० टक्के, त्यातला बराचसा रोख नव्हे तर वस्तुरूपात: आरशाचे घासून तयार केलेले खंड, त्यांचे ॲक्च्युएटर (खंड किंचित हलवणारी यंत्रं), कडांचे सेन्सर, सॉफ्टवेअर. पुण्याची आयुका, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज या तीन संस्थांच्या खांद्यावर हे काम आहे. म्हणजे हवाईत रस्ता अडला की खोळंबा इथेही होतो.

थोडक्यात क्रम असा. ७ ऑक्टोबर २०१४ चा भूमिपूजन समारंभ आंदोलकांनी थांबवला. २ एप्रिल २०१५ ला ३१ जणांना अटक झाली. त्याच वर्षी २ डिसेंबरला हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. नव्याने सुनावणी होऊन २०१७ मध्ये परवाना परत मिळाला आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने तो ४ विरुद्ध १ असा कायम केला. जुलै २०१९ मध्ये यंत्रसामग्री वर न्यायची वेळ आली तेव्हा पायथ्याच्या रस्त्यावर लोक बसले. १७ जुलैला पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत बहुतेक कूपुना होते, म्हणजे समाजातली वडीलधारी मंडळी. पुढे कित्येक महिने रस्ता अडलेला राहिला. टीएमटीचं बांधकाम तिथे आजही सुरू झालेलं नाही.

कायद्याचा कागद हातात असूनही काम का झालं नाही, हा माझा प्रश्न आहे. जाणकारांनी आपापल्या भागाचं नेमकं लिहावं: जागा, जमिनीचा हक्क, पाणी आणि कचरा, पर्यायी ठिकाणं. 'दोन्ही बाजूंचं बरोबर आहे' एवढंच म्हणणारे प्रतिसाद नकोत.

---

नीहारिका_शोध

जागेपासून सुरुवात करते, कारण 'दुसरीकडे बांधा की' असं लोक फार सहज म्हणून जातात.

मौना केआ ४,२०७ मीटर. अक्षांश सुमारे १९.८ उत्तर, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरचाच. त्यामुळे उत्तरेचं जवळजवळ सगळं आणि दक्षिणेचंही बरंच आकाश दिसतं. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० टक्के वातावरण पायाखाली गेलेलं. पण निव्वळ उंची हे कारण नाही, उंच पर्वत जगात पुष्कळ आहेत. भोवती हजारो किलोमीटर समुद्र असल्याने व्यापारी वारे न ढवळता येतात आणि ढालीसारख्या पसरट ज्वालामुखीवरून सरळ निघून जातात. साधारण दोन-अडीच हजार मीटरवर उष्णतेचा व्युत्क्रम थर असतो, म्हणजे वर जाताना हवा थंड होण्याऐवजी उबदार होते. तो ढग आणि दमटपणा खालीच दाबून ठेवतो. वर हवा कोरडी आणि शांत. स्थळनिवडीच्या मोजणीत जमिनीपासून ६० मीटरवर ताऱ्याच्या प्रतिमेचा फैलाव साधारण अर्धा कोन-सेकंद (कोन-सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आला. आकाशातलं बाष्प पाण्याच्या थराइतकं मोजतात. तिथे ते बऱ्याच रात्री २ मिलिमीटरच्या खाली असतं. अवरक्त निरीक्षणाला हीच अट सगळ्यात महत्त्वाची.

आता आकार. मुख्य आरसा ३० मीटरचा, ४९२ षट्कोनी खंडांचा. प्रत्येक खंड १.४४ मीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर जाड. दोन खंडांमधली फट अडीच मिलिमीटर. प्रत्येक खंडामागे तीन ॲक्च्युएटर, म्हणजे १,४७६. कडांवर २,७७२ सेन्सर, जे शेजाऱ्याच्या तुलनेत खंड किती वरखाली झाला ते नॅनोमीटरमध्ये सांगतात. अनुकूली प्रकाशिकी, म्हणजे हवेने थरथरणारी प्रतिमा लवचिक आरशाने सतत दुरुस्त करण्याचं तंत्र, वापरली की ठिपक्याएवढ्या क्षीण स्रोतासाठी लागणारा वेळ व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. मौना केआवरच्याच दहा मीटरच्या केक दुर्बिणीवरून तीस मीटरवर गेलं की ८१ पट. जे केकला एका वर्षाच्या वाटपात बसत नाही ते इथे दोन रात्रींत होईल.

युरोपची ३९ मीटरची ईएलटी आणि अमेरिकेच्या पुढाकाराची २५ मीटरची जीएमटी, दोन्ही चिलीत. उत्तर गोलार्धात या वर्गाची एकही नाही. टीएमटी झाली नाही तर देवयानी दीर्घिकेपासून सप्तर्षींच्या भागापर्यंतचं आकाश या पिढीत त्या नजरेने बघितलंच जाणार नाही. हे नुकसान खरं आहे, ते कुणी हलकं लेखू नये.

---

कातळसडा

नीहारिका, तुमचा एक शब्द खोडत नाही. आता दुसरी बाजू तेवढ्याच नेमकेपणाने.

हवाईयन परंपरेत मौना केआ आकाशपिता वाकेआ आणि पृथ्वीमाता पापा यांच्यापासून झालेला, म्हणजे माणसांच्याच वंशावळीतला थोरला. पोलिआहू ही हिमदेवी तिथली. ३,९७० मीटरच्या आसपास वाइआउ नावाचं लहान सरोवर आहे. बाळाची नाळ तिथे अर्पण करायची रीत काही कुटुंबांत आजही आहे. त्याच्याच खाली दक्षिण उतारावर कठीण बेसाल्टच्या खाणी आहेत, जिथून शेकडो वर्षं दगडी कुऱ्हाडी घडवून नेल्या. हवाई विद्यापीठाकडे भाडेपट्ट्याने असलेल्या शिखरप्रदेशाच्या पाहणीत २६३ ऐतिहासिक स्थळं नोंदली गेली, त्यांतली १४१ देवस्थानं: बहुतेक ठिकाणी उभे केलेले साधे दगड. आपल्याकडच्या देवराईत शेंदूर फासलेला दगड न ओळखणारा माणूस 'इथे काहीच नाही' म्हणून पुढे जाईल, तसंच तिथेही होतं.

मुळात पर्वताचा माथा हा वस्तीचा प्रदेशच नव्हता. तिथे कामाशिवाय जायचं नसतं. म्हणून 'तिथे कुणी राहत नाही, मग अडचण काय' हा युक्तिवाद त्या लोकांना उलटा ऐकू येतो. रिकामं ठेवणं हाच त्या जागेचा मान आहे.

आणि पहिली दुर्बीण कशी आली तेही बघा. १९६० च्या त्सुनामीने हिलो शहराचं कंबरडं मोडलं. तिथल्या व्यापारी मंडळाने उत्पन्नाचं नवं साधन म्हणून विद्यापीठांना पत्रं धाडली. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी १९६४ मध्ये चाचण्या केल्या, त्याच वर्षी वर जाणारा कच्चा रस्ता झाला. १९६८ मध्ये राज्याने हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांचा पट्टा दिला, वर्षाला एक डॉलर भाड्याने. १९७० मध्ये २.२ मीटरची दुर्बीण उभी राहिली. पुढे १९७९ मध्ये एकदम तीन, मग केक, सुबारू, जेमिनी करत एकूण तेरा वेधशाळा झाल्या. या प्रवासात मूळ हवाईयन लोकांना विचारण्याची एकही ठरलेली पायरी नव्हती.

---

अंशुमान७

इथे एक आक्षेप नोंदवतो. टीएमटीची जागा शिखरावर नाहीच. ती उत्तर पठारावर, ४,०५० मीटरच्या आसपास, लाव्हाच्या सपाट थरावर आहे. प्रकल्पक्षेत्र सुमारे पाच एकर. त्या जागेवर दफन सापडलेलं नाही. वाइआउ सरोवरावरून किंवा मुख्य शिखरावरून घुमट दिसणार नाही, अशीच जागा मुद्दाम निवडली. घुमट ५६ मीटर उंच आहे हे खरं, पण त्याला ॲल्युमिनियमसारखा आकाश परावर्तित करणारा मुलामा आहे. वार्षिक भाडं तीन लाख डॉलरपासून सुरू होऊन दहा लाखांच्या वर जाणार, शिवाय स्थानिक मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला दहा लाख डॉलर २०१४ पासून दिले जात होते. आधीच्या तेरांपैकी एकीनेही याच्या जवळपास काही केलेलं नाही. मग सगळ्यात जबाबदार प्रकल्पालाच शिक्षा का?

आणि मूळ हवाईयन म्हणजे एक आवाज नव्हे. पुएओ ही त्यांचीच संस्था सुनावणीत प्रकल्पाच्या बाजूने पक्षकार होती.

---

दस्तऐवज

अंशुमान, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि २०१८ च्या निकालात यातले बरेच मुद्दे मान्यही झाले. तरी २०१५ ला परवाना का उडाला ते समजून घेतलं तर मघा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

जागा 'संवर्धन जिल्ह्यात' येते. तिथे बांधकामासाठी राज्याच्या भूमी व नैसर्गिक संसाधन मंडळाचा परवाना लागतो आणि आठ निकष पूर्ण करावे लागतात. त्यांतला कळीचा निकष: सभोवतालच्या संसाधनांवर मोठा प्रतिकूल परिणाम होता कामा नये. बाधित लोकांनी मागितलं तर वादी-प्रतिवादींसारखी सुनावणी घ्यावी लागते: साक्षी, उलटतपासणी, लेखी निष्कर्ष. मंडळाने फेब्रुवारी २०११ मध्ये आधी परवाना मंजूर केला आणि सुनावणी नंतर घेतली. परवान्यात 'सुनावणी होईपर्यंत बांधकाम नाही' अशी अट होती, पण मतदान होऊन गेलेलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: निकाल देऊन बसलेल्यासमोर बाजू मांडणं ही सुनावणी नव्हे. परवाना रद्द झाला तो क्रम चुकला म्हणून. श्रद्धेच्या किंवा खगोलशास्त्राच्या बाजूने तो कौल नव्हता.

दुसऱ्या वेळी मात्र नीट झालं. ४४ दिवस साक्षी, ७१ साक्षीदार, मग सप्टेंबर २०१७ मध्ये मंडळाचा ५ विरुद्ध २ निर्णय, सोबत ४३ अटी. त्यांतली महत्त्वाची: तीन जुन्या दुर्बिणी लवकरात लवकर कायमच्या काढायच्या, आणखी दोन २०३३ पर्यंत, त्या जागांवर नवं काही बांधायचं नाही, आणि टीएमटीनंतर मौना केआवर नवी जागा उघडायची नाही.

यात एक चाचणी कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवाईच्या १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूळ रहिवाशांच्या पारंपरिक हक्कांना संरक्षण दिलं. त्यावरून २००० सालच्या का पाआकाई खटल्यात तीन पायऱ्या ठरल्या. एक, त्या जागेवर कोणती सांस्कृतिक संसाधनं आणि प्रथा आहेत ते शोधा. दोन, प्रकल्पाने त्यांना किती बाधा येते ते ठरवा. तीन, ती बाधा टाळायला व्यवहार्य काय करता येईल ते लिहा. हे काम अर्जदारावर ढकलता येत नाही, निर्णय देणाऱ्या मंडळाला स्वतः करावं लागतं. २०१८ च्या बहुमताने म्हटलं की टीएमटीच्या नेमक्या जागेवर जुन्या प्रथेचा पुरावा आला नाही. तिथले दोन आहू, म्हणजे दगडी वेद्या, २०१५ मध्ये आंदोलनाच्या वेळी रचलेल्या होत्या.

न्या. विल्सन यांचं भिन्नमत याच ठिकाणी फार टोकदार आहे. पर्यावरण अहवालानेच कबूल केलं होतं की आधीच्या खगोलशास्त्रीय बांधकामांचा एकत्रित परिणाम मोठा, लक्षणीय आणि प्रतिकूल आहे. आणि मग युक्तिवाद झाला की नुकसान आधीच झालंय, टीएमटीने त्यात फार भर पडत नाही. विल्सन यांनी याला 'ऱ्हासाचे तत्त्व' म्हटलं: जागा जितकी बिघडवाल तितका पुढचा बिघाड कायदेशीर होत जाईल. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. आठ निकषांचा अर्थ असा लावला तर संवर्धन जिल्हा नावापुरता उरतो.

---

मृण्मयी_क

उत्तम प्रतिसाद, दस्तऐवज. मला पाण्याचं आणि रसायनांचं कळत नाहीये. आंदोलनाच्या फलकांवर 'आमचं पाणी वाचवा' असतं आणि प्रकल्पवाले म्हणतात थेंबभरही सोडणार नाही. खरं काय?

---

सातमाळा

मृण्मयी, दुर्बिणीत पाणी आणि रसायन कुठे लागतं तिथपासून बघू.

पहिलं, माणसांचं सांडपाणी. वर विहीर नाही. पाणी टँकरने वर नेतात. जुन्या वेधशाळांचं सांडपाणी शोषखड्ड्यांत किंवा सेप्टिक टाकीतून जमिनीत जातं. टीएमटीच्या आराखड्यात जमिनीत काहीच सोडायचं नाही, टाकीत साठवायचं आणि ट्रकने खाली न्यायचं, असं आहे.

दुसरं, आरसे धुणं. आरशावरचा धातूचा थर मायक्रोमीटरहून पातळ असतो, धूळ आणि दमटपणाने तो मलूल होतो. मधल्या काळात कार्बन डायऑक्साइडचा बर्फाळ भुसा फवारून धूळ झाडतात, त्याला पाणी लागत नाही. पण साधारण दोन वर्षांनी खंड काढून जुना थर रसायनाने उतरवावाच लागतो, मग धुऊन, सुकवून निर्वात पेटीत नवा थर चढवतात. ४९२ खंड दोन वर्षांत फिरवायचे म्हणजे आठवड्याला सरासरी पाच. यासाठीच ८२ जादा खंड बनवायचे ठरले. आरशात ८२ वेगवेगळे आकार आहेत, प्रत्येकी सहा. प्रत्येक आकाराचा एक बदली खंड हाताशी असला की आरशात भोक पडत नाही. ही धुलाई वर्षभर चालणार, म्हणून तिचं पाणी हा किरकोळ मुद्दा नाही. ते वेगळ्या टाकीत जमा करून खाली न्यायचं आहे. यात बिघडतं ते टाकीत नव्हे, तर जोडणीत आणि वाहतुकीत: व्हॉल्व्हचं पॅकिंग, ट्रक भरतानाचा नळ, आणि २,८०० मीटरवरच्या हाले पोहाकूपासून वरचा तीव्र उताराचा, बराचसा खडीचा रस्ता. गळती पकडणारे सेन्सर टाकीला लावणं सोपं, ट्रकला अवघड.

तिसरं, पारा. जुन्या काही दुर्बिणींत आरशाच्या आधारासाठी पारा वापरला जायचा आणि पूर्वी तो सांडल्याच्या घटना झाल्या आहेत, मुख्यतः इमारतींच्या आत. टीएमटीत पारा नाही. तरी लोकांचा अविश्वास तिथूनच येतो, आणि तो मला रास्त वाटतो, कारण त्या घटना लोकांना उशिरा कळल्या.

भूजल खूप खोल आहे, म्हणून 'बेटाचं पिण्याचं पाणी विषारी होईल' हे मला अतिरंजित वाटतं. सरोवराचं वेगळं. वाइआउ हे अडून राहिलेलं पाणी आहे, पावसा-बर्फावर जगणारं. २०१३ मध्ये दुष्काळाने ते डबक्याएवढं झालं, पुढच्या वर्षी परत भरलं. टीएमटीची जागा त्याच्या उताराला नाही.

एका किड्याचंही सांगायला हवं. वेकिउ नावाचा ढेकणाच्या जातीचा कीटक फक्त या माथ्यावर, लाव्हाच्या भुसभुशीत खड्यांत राहतो. खालून वाऱ्याने उडत येऊन गारठलेले कीटक खातो. त्याच्या रक्तात गोठणरोधक द्रव्य असतं. टीएमटीचा चौथरा घट्ट लाव्हावर आहे, पण जोडरस्त्याचा छोटा भाग त्याच्या अधिवासातून जातो. तिथे खडी दाबली गेली की खड्यांमधल्या फटी बुजतात आणि अधिवास संपतो. वर येणारं प्रत्येक वाहन खालीच धुऊन तपासायची अट यासाठी आहे, नाहीतर टायरच्या मातीतून मुंग्या वर पोचतात.

---

अंशुमान७

सातमाळा, म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हा आराखडा तिथल्या कुठल्याही वेधशाळेपेक्षा स्वच्छ आहे. मग माझा प्रश्न कायम. पन्नास वर्षांच्या गैरव्यवस्थापनाचं बिल एकट्या टीएमटीने का भरायचं?

---

कातळसडा

कारण परवाना मागणारा अर्जदार विद्यापीठच होतं. दुर्बीण नवी, पण हमी देणारा जुनाच. राज्याच्या लेखापरीक्षकांनी १९९८ मध्ये विद्यापीठाच्या व्यवस्थापनावर कडक अहवाल दिला: ऐतिहासिक स्थळांची राखण नाही, कचरा पडून, लोकांचं ऐकायची सोय नाही. सर्वंकष व्यवस्थापन आराखडा २००९ मध्ये आला. मधल्या काळात केकच्या भोवती लहान दुर्बिणी बसवायचा नासाचा प्रकल्प असाच न्यायालयात अडकून २००६ मध्ये सोडून द्यावा लागला. इशारा स्पष्ट होता.

त्याखाली आणखी एक थर आहे. १८९३ मध्ये हवाईचं राज्य उलथवलं गेलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. राजघराण्याच्या आणि सरकारच्या सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या. १९५९ मध्ये राज्य झाल्यावर त्यांचा मोठा भाग विश्वस्त म्हणून राज्याकडे आला. मौना केआचा माथा त्यातलाच. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने या उलथापालथीबद्दल ठराव करून माफी मागितली, पण जमीन परत केली नाही. माफी मागून त्याच जमिनीचं भाडं वर्षाला एक डॉलर ठेवलं, तर रस्त्यावर बसलेल्या आजोबांना टीएमटीच्या टाक्यांची गुणवत्ता सांगून काय उपयोग?

---

नीहारिका_शोध

पर्यायी जागेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच. २०१६ मध्ये कॅनरी बेटांवरचं ला पाल्मा हे पर्यायी ठिकाण ठरलं. निवडीच्या यादीत आपलं लडाखमधलं हानलेही होतं. ला पाल्माची जागा २,२५० मीटरवर, जवळच १०.४ मीटरची ग्रान तेलेस्कोपिओ कॅनेरियास आहे, म्हणजे रस्ता, वीज, मनुष्यबळ तयार.

काय गमावतो? हवेची स्थिरता जवळपास बरोबरीची, त्यामुळे दृश्य आणि निकट-अवरक्त कामाला फारसा फटका नाही. पण बाष्प दुपटीच्या आसपास आणि हवा उबदार. मध्य-अवरक्तात, म्हणजे १० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात, आकाश आणि आरसा दोन्ही स्वतःच चमकतात. ग्रह जन्मतात त्या धुळीच्या तबकड्यांचं निरीक्षण याच पट्ट्यात व्हायचं असतं. उन्हाळ्यात सहाराची धूळ येते, तेव्हा घुमट बंद ठेवावा लागतो. जंबुपार कडेला, ०.३४ मायक्रोमीटरच्या खाली, जास्त हवेमुळे प्रकाश शोषला जातो. माझा अंदाज असा की प्रकल्पाच्या विज्ञानापैकी बहुतेक सगळं तिथे होईल, फक्त काही कामांना बराच जास्त वेळ लागेल आणि मध्य-अवरक्त मागे पडेल.

तिथेही कज्जे आहेतच. पर्यावरण संघटनेच्या दाव्यावरून खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये जमिनीची मंजुरी रद्द ठरवली होती.

आता पैशाची बाजू फिरली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने २०२४ मध्ये टीएमटी आणि जीएमटी या दोन्ही मोठ्या दुर्बिणींसाठी मिळून १.६ अब्ज डॉलरची मर्यादा घातली, जी दोघींना पुरत नाही. २०२५ च्या अंदाजपत्रकी प्रस्तावात पुढच्या टप्प्यासाठी जीएमटीचं नाव आलं, टीएमटीचं नाही. त्यानंतर जुलैमध्ये स्पेनने ला पाल्मासाठी ४० कोटी युरो देऊ केले. म्हणजे मौना केआवर आंदोलनाने जे थांबवलं ते आता तिजोरीनेही थांबवलं आहे.

---

रोहिणी_शकट

दोन जुनी उदाहरणं इथे हवीत, दोन्ही ॲरिझोनातली.

किट पीक हा तोहोनो ओओडम लोकांच्या राखीव भूमीतला पवित्र डोंगर. १९५० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांना तो हवा होता. त्यांनी जमातीच्या परिषदेतल्या लोकांना टूसॉनच्या स्टुअर्ड वेधशाळेत बोलावून दुर्बिणीतून चंद्र दाखवला. परिषदेने १९५८ मध्ये पट्टा दिला. त्यात अटी: जोवर वैज्ञानिक उपयोग चालू, तोवरच जागा, व्यापारी वापर नाही. जमीन त्यांचीच राहिली. म्हणूनच २००५ मध्ये व्हेरिटास नावाच्या गॅमा किरण दुर्बिणींचं बांधकाम पुरेशी विचारणा न होता त्याच डोंगरावर सुरू झालं तेव्हा जमात न्यायालयात गेली, काम थांबलं आणि व्हेरिटास माउंट हॉपकिन्सच्या पायथ्याशी उभी राहिली. आज ती तिथे उत्तम चालते आहे.

माउंट ग्रॅहॅम याच्या उलट. अपाची लोकांचा पवित्र पर्वत, वर एका लाल खारीची शेवटची वस्ती. ती खार १९८७ मध्ये संकटग्रस्त यादीत आली. १९८८ मध्ये संसदेने खास कायदा करून पहिल्या तीन दुर्बिणींना पुढच्या पर्यावरण प्रक्रियेतून सूट दिली. व्हॅटिकनची दुर्बीण आणि दोन ८.४ मीटर आरशांची लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप तिथे झाली खरी, पण काही भागीदार विद्यापीठं वादामुळे सोडून गेली, वर्षं गेली आणि कटुता राहिली.

फरक देवभोळेपणाचा नाही. पहिल्या ठिकाणी 'नाही' म्हणायचा अधिकार लोकांच्या हातात होता, म्हणून ते 'हो' म्हणू शकले.

---

मघा_पूर्वा

रोहिणी, हेच मला हवं होतं. हानलेबद्दल कुणी सांगेल का? तिथेही गोंपा (बौद्ध मठ) आहे, वस्ती आहे.

---

सातमाळा

हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण ४,५०० मीटरवर, दिग्पा-रत्सा री या टेकाडावर आहे. पहिला प्रकाश २००० मध्ये, आणि ती उपग्रह दुव्यावरून बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात, त्यामुळे वर माणसांची वर्दळ मुळातच कमी. सतराव्या शतकातला गोंपा वेगळ्या टेकडीवर आहे, दुर्बीण त्याच्या माथ्यावर नाही. २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरचं अंधार-आकाश राखीव क्षेत्र जाहीर झालं, लडाखच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेशी करार करून. त्यात गावातल्याच लोकांना दुर्बिणी देऊन पर्यटकांना आकाश दाखवायचं प्रशिक्षण दिलं. घरांचे दिवे खाली झाकलेले, खिडक्यांना जाड पडदे, गाड्यांचे हेडलाइट मंद: हे सगळं गावाने पाळलं तरच दुर्बीण चालते. म्हणजे तिथे खगोलशास्त्राला गावाची रोज गरज पडते. पुढे तिथे मोठी दुर्बीण आणायची झाली तर रस्ता, पाणी, कामगारांच्या छावण्या यांचा भार पुष्कळ वाढेल. परिषदेशी आणि गोंपाशी बोलणी आराखड्याच्या आधी व्हावीत, निविदेनंतर नव्हे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर जुन्नरच्या बाजूला गिरवलीत आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. उंची हजार मीटर, पावसाळ्याचे चार महिने घुमट बंद. तिथे असा वाद नाही, पण पायथ्याच्या गावांचे आणि हॉटेलांचे दिवे दर वर्षी वाढताहेत आणि त्याला आवर घालणारा नियम नाही. हवाई बेटावर १९८० च्या दशकापासून रस्त्यावरच्या दिव्यांचा अध्यादेश आहे.

---

अंशुमान७

किट पीकचा मुद्दा पटला. पण मौना केआवर 'लोकांनी' म्हणजे कुणी हो म्हणायचं? तिथे जमातीची परिषद नाही. विरोधक म्हणतात आम्ही, पुएओ म्हणते आम्हीही.

---

दस्तऐवज

याच गाठीवर २०२२ चा कायदा आहे. विद्यापीठाकडून पर्वताचं व्यवस्थापन काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं ठरलं. मतदान करणारे सदस्य ११; त्यांत सांस्कृतिक परंपरा पाळणारे आणि वेधशाळांचा प्रतिनिधीही. १ जुलै २०२३ पासून पाच वर्षांचा संक्रमणकाळ, १ जुलै २०२८ ला पूर्ण ताबा. खगोलशास्त्र हे राज्याचं धोरण असल्याचं कायद्यात लिहिलं आहे, त्यामुळे काही विरोधकांना तो मान्य नाही. तरी निर्णयाच्या मेजावर मूळ हवाईयन लोकांची खुर्ची कायद्याने पक्की झाली ती इथेच.

प्राधिकरणापुढचं खरं काम ३१ डिसेंबर २०३३ चं आहे. त्या दिवशी १९६८ चा पट्टा संपतो आणि त्याच्या पोटातले सगळे उपपट्टेही. नवा करार झाला नाही तर प्रत्येक वेधशाळेने आपलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करून द्यायची आहे. ते काम असं चालतं: हेतूची नोटीस, मग जमिनीत तेल, रसायन, शिसं आहे का याची तपासणी, मग पाडकामाचा आराखडा आणि त्याचा वेगळा परवाना, मग पायापर्यंत काढायचं की पाया ठेवून वर भराव करायचा याचा निर्णय, मग मूळ उताराप्रमाणे खडी पसरणं, आणि पुढे किमान तीन वर्षं देखरेख. पाया उकरायचा तर आणखी जमीन ढवळली जाते, ठेवला तर 'पूर्ववत' होत नाही. यावर दर वेळी वाद होतो.

आतापर्यंत दोनच जागा मोकळ्या झाल्या, दोन्ही २०२४ मध्ये: हिलोच्या विद्यार्थ्यांसाठीची होकू केआ आणि कॅलटेक संस्थेची १०.४ मीटरची उपमिलिमीटर लहरींची दुर्बीण, सीएसओ. सीएसओचं निरीक्षण सप्टेंबर २०१५ मध्ये थांबलं होतं. म्हणजे एका दुर्बिणीला बंद झाल्यापासून जागा साफ व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. वर अजून अकरा आहेत, आणि कोणती ठेवायची, कोणती काढायची, हे प्राधिकरणाने २०२८ नंतर ठरवायला घेतलं तर मुदतीला पाच वर्षं उरतात.